न पोचलेली तबकडी

कलेच्या इतिहासात ‘अपयश’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. नाटक पडले, पुस्तक खपले नाही, तबकडी विकली गेली नाही, की ती लोकांना आवडली नाही असा निष्कर्ष काढून इतिहासकार पुढच्या पानाकडे वळतो. परंतु आवडणे आणि नावडणे या दोन्ही गोष्टींच्या आधी एक तिसरी गोष्ट घडावी लागते. ती कृती माणसाच्या हाती किंवा कानी पडावी लागते. जे पक्वान्न पंगतीत वाढलेच गेले नाही, त्याला बेचव म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो? अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९७२ साली निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेची कथा या प्रश्नाभोवती फिरते. ती काढणाऱ्या चार तरुणांच्या वृंदाचे नाव होते ‘बिग स्टार’, म्हणजे मोठा तारा. आणि आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेला त्यांनी नाव दिले होते ‘नंबर वन रेकॉर्ड’. नावात एवढा आत्मविश्वास आणि नशिबी एवढी उपेक्षा, असा योग रॉक संगीताच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

मेम्फिस हे मिसिसिपी नदीच्या काठचे, टेनेसी राज्यातील शहर. संगीताची ही मोठी पेठ. एल्व्हिस प्रेस्लीची पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रिका १९५४ साली येथल्याच ‘सन’ कंपनीने काढली. पुढे साठीच्या दशकात ‘स्टॅक्स’ या कंपनीने कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीताचा झेंडा येथूनच फडकावला. परंतु डिसेंबर १९६७ मध्ये तिचा थोर गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला, आणि ४ एप्रिल १९६८ रोजी याच शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शहराच्या मनावरचे हे घाव ताजे असताना तेथील सुखवस्तू गोऱ्या घरांतली काही मुले मात्र अटलांटिकच्या पलीकडे कान लावून बसली होती. बीटल्स आणि किंक्स या इंग्रज वृंदांची गाणी त्यांनी इतक्यांदा ऐकली होती की, आपल्या गावच्या संगीतापेक्षा ते परके संगीतच त्यांना घरचे वाटू लागले होते.

या मुलांना आश्रय मिळाला तो जॉन फ्राय या त्यांच्याहून थोड्याच मोठ्या माणसाचा. फ्रायने पोरवयातच आईवडिलांच्या घरी ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली होती. पुढे १९६६ साली त्याने ‘अर्डेंट’ नावाचे रीतसर ध्वनिमुद्रणगृह उघडले. त्याचा स्वभाव मोठा उदार आणि शिक्षकाचा. यंत्रे कशी चालवावीत हे त्याने या मुलांना शिकवले आणि दिवसाचे गिऱ्हाईक परतल्यावर स्टुडिओ त्यांच्या स्वाधीन केला. रात्रीमागून रात्री तेथे बसून ती मुले आवाजावर आवाज चढवीत, पुसून टाकीत, पुन्हा नोंदवीत. त्यांत सर्वांत अधिक रमणारा तरुण होता ख्रिस बेल. उंच पट्टीतला, ताणलेला, किंचित व्याकूळ असा त्याचा आवाज होता आणि मनाजोगे झाल्याशिवाय हातातले काम सोडायचे नाही असा त्याचा हट्ट होता. अँडी हमल हा बास गिटार वाजवी, आणि जोडी स्टीव्हन्स हा ड्रमवादक.

चौथा आला तो आधीच नावारूपाला येऊन थकलेला. अॅलेक्स चिल्टन अवघ्या १६ वर्षांचा असताना ‘बॉक्स टॉप्स’ या वृंदाबरोबर त्याने गायलेले ‘द लेटर’ हे गीत १९६७ साली अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गीत दोन मिनिटांचेही नव्हते. पण त्यामागून आलेली दगदग काही वर्षांची होती. दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी, दुसऱ्यांनी ठरवलेले दौरे, आणि वयाला न शोभणारा घोगरा सूर यांना कंटाळून १९७० साली त्याने तो वृंद सोडला. १९७१ साली बेल आणि त्याचे सोबती यांच्याशी त्याची गाठ पडली, तेव्हा यशाची चव चाखलेला तो एकटाच होता. आणि यशाविषयी सर्वांत कमी भ्रम असलेलाही तोच होता. अर्डेंटजवळ ‘बिग स्टार’ नावाचे वाणसामानाचे मोठे दुकान होते. त्याच्याच पाटीवरून वृंदाचे नाव ठरले. पुढे ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर निऑन दिव्यांनी उजळलेला एक तारा आला. किराणा दुकानाच्या पाटीवरून आकाशातला तारा काढणे, हा त्या वयाचा विनोद होता.

ध्वनिमुद्रिकेत बारा गीते आहेत. त्यांपैकी बहुतेकांवर बेल आणि चिल्टन यांची जोडनावे आहेत. पहिल्याच ‘फील’ या गीतात बेलचा टिपेचा स्वर ऐकू येतो. त्यापाठोपाठ ‘द बॅलड ऑफ एल गुडो’मध्ये चिल्टनचा, आता घोगरेपणा टाकून दिलेला, कोवळा आणि निर्मळ आवाज येतो. चहूबाजूंनी दडपण येत असताना आपला हेका न सोडणाऱ्या माणसाचे ते गीत आहे, आणि व्हिएतनामच्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या दिवसांत ते ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ निराळा सांगावा लागला नसावा. ‘इन द स्ट्रीट’मध्ये करण्यासारखे काहीच नसलेल्या तरुणांची संध्याकाळ आहे. ‘थर्टीन’ हे त्यांतले बहुधा सर्वांत आवडते झालेले गीत. केवळ गिटारच्या साथीवर, ढोलकाचा एकही ठोका न पडता, तेरा वर्षांचा मुलगा शाळेतल्या मैत्रिणीला काय विचारतो एवढाच त्याचा विषय. त्या वयाची भीड, फुशारकी आणि घाबरेपणा ही तिन्ही त्यात अशी एकवटली आहेत की, थोरामोठ्यांनाही आपला तेरावा उन्हाळा आठवावा.

भारतीय श्रोत्याला त्यात एक गंमतही आढळते. पहिल्या बाजूचे शेवटचे गीत आहे ‘द इंडिया साँग’. ते हमलने लिहिले आहे. बासरीसारख्या सुरांच्या संगतीत एक तरुण भारतात जाऊन सुखाने राहण्याचे स्वप्न पाहतो. हा भारत नकाशातला नाही. तो मेम्फिसच्या खिडकीतून दिसणारा, ऐषआरामी वसाहतींच्या जुन्या गोष्टींतून उचललेला भारत आहे. त्यात सतार नाही, तत्त्वज्ञान नाही आणि खरे म्हणजे भारतही नाही. आहे ती आपल्या गावातून कोठेतरी दूर निघून जाण्याची ओढ, आणि तिला कोणतेही नाव चालले असते.

गीतांची ही बांधणी १९७२ साली थोडी अवेळी होती, हे मान्य केले पाहिजे. त्या काळी रॉक संगीत लांबरुंद झाले होते. गिटारची दीर्घ आलापी, कर्कश आवाज, प्रचंड रंगमंच यांची चलती होती. अशा वेळी तीन-चार मिनिटांची, गोड चालीची, एकात एक गुंफलेल्या स्वरांची गीते करणे म्हणजे पोवाड्याच्या फडात ओवी म्हणण्यासारखे होते. तथापि केवळ या कारणाने ती बुडाली असे मानायला आधार नाही. कारण ज्यांनी ती ऐकली त्यांचे मत त्याच काळात लेखी नोंदले गेले आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाचे मुखपत्र मानल्या जाणाऱ्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने यातले प्रत्येक गीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याच्या योग्यतेचे ठरवले. ‘कॅश बॉक्स’ या दुसऱ्या व्यावसायिक पत्राने ही ध्वनिमुद्रिका शिखरावर जायला हवी असा कौल दिला. ‘रोलिंग स्टोन’नेही तिची मनापासून प्रशंसा केली. आणि तरीही पहिल्या खेपेस तिच्या दहा हजार प्रतीसुद्धा विकल्या गेल्या नाहीत.

हे कोडे समजण्यासाठी ध्वनिमुद्रिकांचा व्यापार कसा चाले ते पाहावे लागते. अर्डेंट ही निर्माती संस्था होती. तिच्या तबकड्या देशभर पोचवण्याचे काम स्टॅक्सकडे होते. स्टॅक्स तबकड्या देई त्या प्रांतोप्रांतीच्या स्वतंत्र घाऊक वितरकांना. ते त्या दुकानांत ठेवीत. सोल संगीताच्या बाबतीत ही साखळी पक्की होती. कोणत्या शहरातल्या कोणत्या दुकानी काय खपेल, कोणत्या नभोवाणी केंद्रावर कोणते गीत लागेल, हे स्टॅक्सच्या माणसांना तोंडपाठ होते. परंतु गोऱ्या महाविद्यालयीन तरुणांना आवडेल असे गिटारचे संगीत कोणत्या दुकानात ठेवावे याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. गीत नभोवाणीवर ऐकून दुकानात गेलेल्या माणसाला तबकडी मिळू नये, ही तक्रार त्या काळच्या हकिकतींत वारंवार येते.

त्यावर उपाय म्हणून जे घडले ते रोगापेक्षा भयंकर ठरले. १९७२ च्या उत्तरार्धात स्टॅक्सने आपले वितरण ‘कोलंबिया’ या बलाढ्य कंपनीकडे सोपवले. कोलंबियाची स्वतःची देशव्यापी यंत्रणा होती. त्यामुळे बिग स्टारच्या मंडळींना आशाही वाटली. पण त्या कंपनीला स्टॅक्सच्या जुन्या स्वतंत्र वितरकांशी संबंध ठेवण्याची इच्छा नव्हती, आणि या अनोळखी वृंदासाठी नवी वाट काढण्याचीही निकड नव्हती. परिणाम असा झाला की नव्या प्रती दुकानांत आल्या नाहीतच; उलट ज्या होत्या त्याही परत उचलल्या गेल्या. समीक्षकांकडे तबकडी टपालाने जात असे, आणि दुकानांकडे ती मालमोटारीने जात असे. टपाल पोचले, मालमोटार पोचली नाही. ‘समीक्षकांना आवडलेली, लोकांना न आवडलेली’ असा जो शिक्का या ध्वनिमुद्रिकेवर पुढे अनेक वर्षे बसला, त्याचे मूळ एवढ्याच फरकात आहे.

परंतु वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाला वितरणाचे शास्त्र सांगून त्याचे समाधान होत नाही. ख्रिस बेलने त्या बारा गीतांत आपले सर्वस्व ओतले होते. शिवाय जे थोडे लिहिले जाई त्यात पूर्वीच्या कीर्तीमुळे चिल्टनचेच नाव पुढे येई. जगाने आपल्याला ऐकून नाकारले की ऐकलेच नाही, हा भेद इतिहासाला दिसतो. ज्याच्यावर बेततो त्याला दोन्ही शांतता सारख्याच वाटतात. बेल खोल नैराश्यात गेला आणि १९७२ च्या अखेरीस त्याने स्वतःच उभा केलेला वृंद सोडला.

वृंद संपलाच होता. पण मे १९७३ मध्ये अर्डेंटच्या पुढाकाराने देशभरच्या रॉक-समीक्षकांचा एक मेळावा मेम्फिसमध्ये भरला, आणि त्यात उरलेले तिघे रंगमंचावर आले. टाळ्यांचा वर्षाव झाला. श्रोते सगळे समीक्षकच होते, म्हणजे ज्यांना तबकडी टपालाने मिळाली होती तेच. त्या उत्साहावर १९७४ साली ‘रेडिओ सिटी’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिचीही तशीच गत झाली. १९७४ मध्येच नोंदवलेली तिसरी ध्वनिमुद्रिका १९७८ पर्यंत बाहेरच आली नाही. डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्सचे दिवाळे निघाले. हमल संगीत सोडून अभियंता झाला. चिल्टनने काही काळ न्यू ऑर्लिन्समध्ये भांडी घासण्याचीही नोकरी केली. बेल आपल्या वडिलांच्या उपाहारगृहात काम करू लागला.

भवभूतीने आपल्या उपेक्षेवर उतारा म्हणून काळाच्या अनंतत्वावर आणि पृथ्वीच्या विस्तारावर विश्वास ठेवला होता; कोठेतरी, केव्हातरी ‘समानधर्मा’ भेटेलच अशी त्याची श्रद्धा होती. बिग स्टारला असे समानधर्मे भेटले, ते जुन्या तबकड्यांच्या ढिगाऱ्यांत. एखादी वापरलेली प्रत कोणा विद्यार्थ्याच्या हाती लागे. तो तिची फीत करून मित्राला देई. मित्र ती आपल्या वृंदाला ऐकवी. तबकड्या थोड्या होत्या, पण ज्यांच्या हाती गेल्या त्यांतले अनेक जण स्वतः वाजवणारे निघाले. जॉर्जिया राज्यातील ‘आर.ई.एम.’ या वृंदाच्या पीटर बक याने त्यांचे ऋण उघडपणे सांगितले. ‘बँगल्स’ या स्त्रियांच्या वृंदाने १९८६ साली बिग स्टारच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील एक गीत गाऊन ते लाखोंपर्यंत पोचवले. ‘द रिप्लेसमेंट्स’ या वृंदाने तर १९८७ साली ‘अॅलेक्स चिल्टन’ याच नावाचे गीत रचले. पुढे स्कॉटलंडच्या ‘टीनएज फॅनक्लब’च्या गाण्यांतूनही मेम्फिसच्या त्या रात्रींचा प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू आला.

सामान्य श्रोत्यांचा कौल मात्र खऱ्या अर्थाने घेतला गेला तो १९९२ साली, पहिल्या दोन्ही ध्वनिमुद्रिका एकाच कॉम्पॅक्ट डिस्कवर सहज मिळू लागल्या तेव्हा. लगेच पुढल्या वर्षी, २५ एप्रिल १९९३ रोजी, मिसुरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या नभोवाणी केंद्राच्या निमंत्रणावरून चिल्टन आणि स्टीव्हन्स हे दोघे ‘पोझीज’ या वृंदातील दोन तरुण वादकांना घेऊन बिग स्टार या नावाने पुन्हा उभे राहिले. समोर बसलेले बहुतेक विद्यार्थी साधारण त्या तबकडीच्याच वयाचे असावेत. वीस वर्षांपूर्वी जी मालमोटार निघाली नव्हती, ती अशा रीतीने मुक्कामी आली.

मग श्रोत्यांचे मत काय पडले? ते एकमुखी नाही, आणि तेच योग्य आहे. एका पक्षाला ‘नंबर वन रेकॉर्ड’ ही निर्दोष वाटते; बेलची तळमळ आणि चिल्टनचा तटस्थपणा एकमेकांना सावरून धरतात, आणि तो तोल वृंदाला पुढे कधी साधला नाही असे हा पक्ष सांगतो. दुसऱ्या पक्षाला ती अति घासूनपुसून लखलखीत केलेली वाटते; त्यापेक्षा ‘रेडिओ सिटी’चा ओबडधोबडपणा त्याला अधिक जिवंत भासतो. दुसऱ्या बाजूची संथ गीते एकापाठोपाठ एक आल्याने रंग उतरतो, असे कित्येकांचे म्हणणे. तर नेमक्या त्याच गीतांतला रात्रीचा एकांत इतरांना प्रिय. ‘द इंडिया साँग’ला कोणी गोड विरंगुळा मानतो, कोणी पोरकटपणा. काही चिकित्सक श्रोते आणखी पुढे जाऊन म्हणतात की, या ध्वनिमुद्रिकेभोवतीच्या आदरात तिच्या दुर्दैवाचा वाटा फार मोठा आहे. ती खपली असती तर चांगल्या तबकड्यांतली एक म्हणून विसरली गेली असती. या शेवटच्या मताला अनपेक्षित पाठीराखा मिळाला तो खुद्द चिल्टन. बिग स्टारच्या कीर्तीविषयी विचारले की तो खांदे उडवी आणि लोकांनी या गाण्यांचे अवास्तव कौतुक चालवले आहे असे सांगे.

या मताची दखल घेणे न्यायाचे आहे. कारण उपेक्षा हा गुण नव्हे. जे जे दुर्लक्षिले गेले ते ते थोर, असे मानणे हे जे जे खपले ते ते थोर मानण्याइतकेच आळशीपणाचे आहे. परंतु या वादातली महत्त्वाची गोष्ट ही की तो वाद होऊ शकला. अमुक गीत कच्चे आहे, तमुक बाजू रेंगाळते, असे कोणी म्हणू लागला की त्याने ती कृती ऐकली हे सिद्ध होते. कलावंताला स्तुतीची भूक असते हे खरे, पण त्याआधीची भूक ही असते. १९७२ साली मेम्फिसच्या त्या चौघांना निंदा करणारा श्रोतासुद्धा मिळाला नव्हता.

काळाने पुढे आपले नेहमीचे विनोद केले. ‘इन द स्ट्रीट’ हे गीत १९९८ पासून सत्तरीच्या दशकावरील एका लोकप्रिय अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत झाले. ज्या दशकाने ते ऐकले नाही, त्याच दशकाची ओळख म्हणून ते घरोघर वाजले. २००३ साली ‘रोलिंग स्टोन’ने सर्वश्रेष्ठ ५०० ध्वनिमुद्रिकांची यादी केली, तीत बिग स्टारच्या तिन्ही ध्वनिमुद्रिका होत्या, ‘नंबर वन रेकॉर्ड’चा क्रमांक होता ४३८ वा. १७ मार्च २०१० रोजी चिल्टन वारला. तीनच दिवसांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे बिग स्टारचा कार्यक्रम ठरलेला होता. तो त्याच्या स्मरणार्थ पार पडला, आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मेम्फिसच्या प्रतिनिधीने त्याला आदरांजली वाहिली. त्याच वर्षी जुलैत हमलही गेला. जॉन फ्राय २०१४ साली निवर्तला. जोडी स्टीव्हन्स पुढे अर्डेंटच्याच कारभारात रुजू झाला होता. मूळ चौघांपैकी तो एकटा उरला.

या साऱ्याला मुकला तो ख्रिस बेल. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिल्या दोन्ही ध्वनिमुद्रिका एकत्र पुन्हा निघाल्या आणि त्याच वर्षी बेलची स्वतःची दोन गीते एका छोट्या तबकडीवर आली. वारा फिरू लागला होता. त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरला, चिल्टनच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मेम्फिसमध्ये बेलची मोटार रस्त्याकडेच्या खांबावर आदळली आणि तो जागीच गेला. त्याचे वय तेव्हा २७ होते. काळ अनंत आहे हे भवभूतीचे म्हणणे खरेच आहे. परंतु माणसाच्या वाट्याला त्यातला किती येतो हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये उभे असलेले जे कोणी असतात, छापणारे, वाहून नेणारे, दुकानात मांडणारे, ध्वनिक्षेपित करणारे, त्यांचे काम केवळ व्यापाराचे राहत नाही. श्रोता आपला निकाल केव्हाही देऊ शकतो. ज्याच्यासाठी तो द्यायचा, तो ऐकायला असेलच असे नाही.